आधी गाव विचारा

केंद्र सरकारने 2021 मध्ये दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं. भारतात जास्त करून नोंदवल्या जाणाऱ्या दुर्मिळ आजारांची नावं त्यात दिली आहेत. हिमोफिलिया, थॅलसेमिया आणि त्यांच्या शेजारी सिकलसेल ॲनिमिया. दोनच वर्षांनी, 1 जुलै 2023 ला, मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. 17 राज्यांतल्या 7 कोटी लोकांचं रक्त तपासायचं, हे त्याचं उद्दिष्ट. आजार दुर्मिळ असेल, तर तो 7 कोटी लोकांत कशाला शोधायचा? आणि इतक्या लोकांत शोधण्याएवढा तो पसरलेला असेल, तर त्याला दुर्मिळांच्या यादीत का बसवायचं?

पूर्व विदर्भात हा प्रश्न कागदावर राहत नाही. दवाखान्यात समोर बसलेल्या फिकट, सांधे धरून रडणाऱ्या पोराला नेहमीचं औषध द्यायचं की रक्त तपासायला पाठवायचं, हे डॉक्टरला दोन-चार मिनिटांत ठरवावं लागतं. त्यावर डॉक्टरांमध्येच दोन तट आहेत आणि दोन्हीकडे तळमळीची माणसं आहेत. त्यांचा वाद मी इथे दोन पात्रांच्या तोंडी घातला आहे. पात्रं रचलेली, मुद्दे खरे. आत्याने देसाईगंज-वडसा भागात आयुष्यभर जनरल प्रॅक्टिस केली. भाचा नागपुरात रक्तविकारांचा डॉक्टर आहे.

भाचा : आत्या, तू दवाखाना बंद केलास, पण माझं तुझ्याशी एक भांडण बाकी आहे. फिकट पोरगं आलं की तू लोहाचं सिरप आणि जंताची गोळी लिहून मोकळी व्हायचीस.

आत्या : व्हायचे. आज बसवलंस तरी तेच लिहीन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, पाचवी फेरी, 2019 ते 21. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी 67.1 टक्के मुलांचं रक्त कमी. तीन पोरांतली दोन! आणि मोठं कारण लोहाची कमतरता. सिरप स्वस्त, पोराच्या अंगात महिन्याभरात फरक दिसतो. मी काय प्रत्येकाला नागपूरला धाडायचं? एका मुलाला नागपूरला नेणं म्हणजे आई-बापाची दोन दिवसांची मजुरी गेली, भाडं गेलं, आणि घरी राहिलेलं तान्हं शेजारणीकडे.

भाचा : सगळ्यांना धाड असं मी म्हणतच नाही. पण महिन्याभरात फरक पडला नाही, तर?

आत्या : तर डोस वाढवायचा, आईला विचारायचं की रोज पाजतेस का. नव्वद टक्के वेळा पाजलेलंच नसतं.

भाचा : आणि जिने खरंच पाजलं, तिचं काय? आमच्याकडे पोहोचतात ती ही पोरं. दोन-दोन वर्षं लोह घेतलेली. डोळे अधूनमधून पिवळे होतात म्हणून काविळीचं झाडपाल्याचं औषध झालेलं असतं. सांधे दुखतात म्हणून कुणी संधिवाताची इंजेक्शनं दिलेली असतात. हिमोग्लोबिन साडेसात. घाबरून कुणीतरी दोन-तीन बाटल्या रक्त चढवलेलं असतं. सिकलसेलच्या पेशंटचं हिमोग्लोबिन एरवीसुद्धा सहा ते नऊमध्ये असतं आणि त्याच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. ते ओढूनताणून बारावर नेलं, तर रक्त आणखी दाट होतं आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. चांगल्या हेतूने दिलेली बाटली पोराला आयसीयूत पोहोचवू शकते. एवढं होईपर्यंत एकाही डॉक्टरने साधं विचारलेलं नसतं, की बाबा, तुझं गाव कोणतं? तुझ्या पाठचं-पुढचं भावंड लहानपणी गेलं का?

आत्या : गावाचं नाव ऐकून तू निदान करतोस?

भाचा : निदान नाही करत. कुठली शंका आधी घ्यायची, ते ठरवतो. रत्नागिरीचं फिकट पोरगं आणि एटापल्लीचं फिकट पोरगं, दोघांचा रंग सारखा, हिमोग्लोबिन सारखं. तरी दोघांच्या रक्तात काय निघेल याची शक्यता सारखी नसते. रत्नागिरीत माझ्या मनात सिकलसेल शेवटी येईल. एटापल्लीत तो लोहाच्या कमतरतेच्या शेजारीच येऊन बसायला हवा.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण भाच्याचा हा मुद्दा डॉक्टरकीच्या पुस्तकात असतो आणि दवाखान्यात हरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने हजार माणसांत एक किंवा त्याहून कमी जणांना होणारा आजार दुर्मिळ. युरोपचं माप दहा हजारांत पाच. अमेरिकेत देशभर मिळून 2 लाखांपेक्षा कमी रुग्ण असले, की तो दुर्मिळ. तिथे सिकलसेलचे रुग्ण एक लाखाच्या आसपास आहेत, म्हणून अमेरिकेत तो दुर्मिळ ठरतो. आपल्या आदिवासी व्यवहार मंत्रालयाच्या आकड्याप्रमाणे मात्र अनुसूचित जमातींमध्ये 86 जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. महाराष्ट्रात तो गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात आणि वर नंदुरबारकडे आहे. केवळ आदिवासींतच आहे असंही नाही, विदर्भातल्या इतर काही समाजांतही तो भरपूर दिसतो. देशाची सरासरी काढली की हे सगळं पुसलं जातं. सरासरीवर शिकलेला डॉक्टर मग धानोऱ्याच्या पोराला दादरच्या पोराच्या मापाने मोजतो.

आत्या : बरं, मग मला सांग. हा आजार आमच्याच भागात एवढा का? तुम्ही जनुकवाले याला काय म्हणता?

भाचा : याचं उत्तर तुझ्याच दवाखान्यात होतं, आत्या. मलेरिया.

आत्या : म्हणजे?

भाचा : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच. व्हर्नन इन्ग्रम या शास्त्रज्ञाने तो 1956 मध्ये शोधला. आई आणि बाप दोघांकडून हा बदल आला तर मूल एसएस, म्हणजे रुग्ण. ऑक्सिजन कमी झाला की त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात आणि लवकर फुटतात. निरोगी पेशी 120 दिवस जगते. यांची दहा-वीस दिवसांत संपते. पण हा बदल एकाकडूनच आला तर मूल एएस, म्हणजे वाहक. त्याला काही त्रास नाही. उलट फाल्सिपॅरम मलेरियाचा जीवघेणा झटका त्याला सहसा येत नाही. ॲलिसन या डॉक्टरने 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवून दिलं. जंगलात पिढ्यानपिढ्या मलेरियाने पोरं जात होती, त्यात ही एएस पोरं टिकली, मोठी झाली, त्यांना पोरं झाली. तू आयुष्यभर ज्या सर्रास आढळणाऱ्या तापाशी लढलीस, त्यानेच हा तुमचा दुर्मिळ आजार इथे वाढवला.

आत्या : आणि एसएसवाल्याला मलेरिया झाला तर?

भाचा : मग त्याचं काही खरं नाही. संरक्षण वाहकाला, रुग्णाला नाही. आधीच रक्त कमी, त्यात मलेरिया पेशी फोडतो.

आत्या : तेच मी सांगते आहे! तुमच्या मोठ्या हॉस्पिटलात एकदा कागदावर सिकलसेल लिहिलं गेलं, की पुढचं सगळं सिकलसेलच्याच खात्यात जातं. पोराला ताप आला, सिकलसेल. पोट दुखलं, सिकलसेल. खोकला, सिकलसेल. अरे, त्यालाही मलेरिया होतो, न्यूमोनिया होतो, टायफॉइड होतो. माझ्याकडे एक पोरगं असंच आलं होतं. आईच्या हातात जाड फाईल. ती म्हणाली, ‘‘डॉक्टरीणबाई, याला नेहमीचंच आहे.’’ मी श्वास मोजले. मिनिटाला साठ. छातीत न्यूमोनिया भरलेला. नेहमीचं काही नव्हतं.

भाचा : हे मी विनातक्रार मान्य करतो. किंबहुना त्याच्यापुढे जातो. या पोरांची प्लीहा लहानपणीच निकामी होते, त्यामुळे न्यूमोकॉकससारख्या जंतूंशी लढायची त्यांची ताकदच जाते. अमेरिकेत 1986 मध्ये एक प्रयोग झाला. लहान सिकलसेल मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलिनची गोळी. जंतुसंसर्ग 84 टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका ठळक होता की प्रयोग वेळेआधी थांबवला, कारण उरलेल्या मुलांना गोळीविना ठेवणं अन्याय झाला असता. पेनिसिलिन! जुनं, स्वस्त औषध. पण ते द्यायचं तर आजार पहिल्या काही महिन्यांत कळायला हवा. आणि पहिल्या सहा महिन्यांत पोरगं अगदी टुणटुणीत दिसतं, कारण आईच्या पोटात असतानाचं जुनं हिमोग्लोबिन, एचबीएफ, त्याला सांभाळत असतं. मग एक दिवस हातापायाची बोटं सुजतात. आई म्हणते काहीतरी चावलं. तोवर गावातलं कुणी सिकलसेलचं नावसुद्धा घेत नाही. म्हणून मी म्हणतो, जन्मल्या जन्मल्या टाचेतून थेंबभर रक्त घ्या आणि सगळ्यांचं हिमोग्लोबिन एचपीएलसी यंत्रावर तपासा.

आत्या : सगळ्यांचं. किती सहज म्हणतोस.

भाचा : का नाही म्हणायचं?

आत्या : कारण आमच्या जिल्ह्यात हे आधी झालेलं आहे. बंग हे डॉक्टर पती-पत्नी 1986 मध्ये गडचिरोलीत आले. सुरुवातीच्या कामात सिकलसेलची पाहणी होती. हजारो लोक वाहक आहेत, रुग्ण आहेत, असं निघालं, गवगवा झाला. डॉक्टर अभय बंगांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे, की हा प्रश्न संशोधक म्हणून त्यांना महत्त्वाचा वाटला होता, गावातल्या लोकांच्या गरजांच्या यादीत तो नव्हता. रक्त घेतलं, आजाराचं नाव सांगितलं, आणि तेव्हा त्यावर देण्यासारखं हातात फारसं काही नव्हतं. मग त्यांनी लोकांना विचारलं. लोक म्हणाले, आमची तान्ही बाळं मरतात. त्यातून बाळांच्या न्यूमोनियाचं काम उभं राहिलं, घरच्या घरी नवजात बाळाची काळजी उभी राहिली. गावातल्याच आरोग्यदूत बाईने श्वास मोजायचे, बाळाला ऊब द्यायची, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. 1999 मध्ये ‘लान्सेट’मध्ये छापून आलं, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली. पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ते आलं. हे सगळं सर्रास आढळणाऱ्या, कुणाला कौतुक नसलेल्या आजारांवर झालं. सेप्सिस, न्यूमोनिया, बाळ गार पडणं.

भाचा : ते काम माझ्यासाठीही मोठंच आहे. पण बंगांच्या वेळेला हातात काही नव्हतं, आता आहे. हायड्रॉक्सियुरिया. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात मोठ्या माणसांचे वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले. हे औषध पोटातलं जुनं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. दिवसाला काही रुपयांची कॅप्सूल.

आत्या : कॅप्सूल कुठे मिळते, ते सांग.

भाचा : जिल्हा रुग्णालयात.

आत्या : दर महिन्याला? न चुकता? रोवणीच्या दिवसांत, नाल्याला पूर असताना?

भाचा : ...

आत्या : बोल ना. ते मुळात कॅन्सरचं औषध. दर काही आठवड्यांनी रक्त तपासून पांढऱ्या पेशी उतरल्या नाहीत ना, बघावं लागतं. कितीतरी डॉक्टर त्याच्या नावालाच घाबरतात. पोराला एक महिना मिळतं, दोन महिने नाही. आई समजते, औषधाचा उपयोग नाही. तुझ्या चाचणीने तिला आजाराचं नाव दिलं आणि तिची झोप उडवली, एवढंच झालं.

या ठिकाणी मी आत्याच्या बाजूने आहे. निदान झालं म्हणजे अर्धी लढाई जिंकली, असं शहरातले आम्ही सहज मानतो. भामरागडमध्ये किंवा कोरचीत निदानाच्या कागदामागे पेनिसिलिन, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया आणि रात्री वेदना उठली तर सलाईन लावणारं कुणीतरी, ही साखळी उभी नसेल, तर तो कागद कुटुंबावरचं ओझं ठरतो. वेदनेचा झटका काय असतो, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. धडधाकट तरुण माणूस जमिनीवर लोळतो, हाडं आतून चिरडल्यासारखी दुखतात आणि पॅरासिटामॉलने काहीही होत नाही. थंडी, पाण्यात तासन्‌तास उभं राहणं, पाणी कमी पिणं, ताप, अति श्रम, यातलं काहीही निमित्त पुरतं. धानाच्या रोवणीत यातलं जवळजवळ सगळं एकाच दिवशी होतं. त्या रात्री आरोग्य केंद्रात त्याच्याकडे नाटक करतोय अशा नजरेने पाहिलं जातं. दुखण्याची सूज बाहेर दिसत नाही, एक्स-रे साफ असतो. पेशंटवर विश्वास ठेवणं हा इथे उपचाराचा पहिला भाग आहे.

भाचा : ठीक आहे, औषधपुरवठ्याचं तुझं खरं. पण त्यासाठी तपासणी थांबवायची? पुरवठा तरी कुणाच्या मागणीने सुधारणार? यादीत नाव असलेल्या पेशंटच्याच ना? ज्याचा आजार मोजलाच नाही, त्याच्यासाठी जिल्हा रुग्णालय कॅप्सूल मागवणार नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 1958 मध्येच ‘लान्सेट’मध्ये लिहिलं होतं. त्याआधी 1952 मध्ये निलगिरीत लेहमन आणि कटबुश यांना तो सापडला होता. राष्ट्रीय अभियान यायला 2023 उजाडलं. आकडे नव्हते म्हणून आवाज नव्हता, आत्या.

आत्या : आकडे हवेत, मान्य. पण तू वाहकांचंही बोलतो आहेस ना? एएसवाल्यांचं?

भाचा : अर्थात. दोन एएस लग्न करतात तेव्हा प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल एसएस असण्याची. लग्नाआधी दोघांची सिकलसेल तपासणीची कार्डं पाहिली तर हे टळतं. अभियानवाले 2047 पर्यंत निर्मूलन म्हणतात ते याच मार्गाने.

आत्या : आणि कार्ड कुणाचं पाहिलं जातं, सांगू? मुलीचं. मुलाकडचे येतात, पोहे खातात आणि विचारतात, मुलीची तपासणी झाली का? मुलाचं कार्ड मागायची मुलीच्या बापाची हिंमत नसते. एएस मुलीला एए, म्हणजे हा बदल नसलेल्या, मुलाशी लग्न करायला काडीचाही धोका नाही, त्यांचं एकही मूल एसएस होऊ शकत नाही. पण गावात शब्द पोहोचतो तो एवढाच, की हिला सिकलसेल आहे. ज्या पोरीला आयुष्यात कधी या आजाराचा ताप येणार नाही, ती आजारी ठरते. नसलेल्या आजाराने तिचं लग्न मोडतं. मी अशा पोरींच्या आया माझ्या बाकावर रडताना पाहिल्या आहेत. एक आई म्हणाली, ‘‘बाई, शाळेत तपासायला आले तेव्हा नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.’’

भाचा : हे चाचणीचं पाप नाही, अर्धवट समजावण्याचं आहे.

आत्या : गावाला त्याचं काय! आणि हे आपल्याकडेच होतं असंही नाही, तूच मागे मला सांगितलं होतंस.

भाचा : ऑर्कोमेनोसचं.

आत्या : तेच. सांग आता परत.

भाचा : ग्रीसमधलं ऑर्कोमेनोस. तिथे सिकलसेलचं प्रमाण मोठं. डॉक्टरांनी अख्ख्या वस्तीची तपासणी केली, वाहकांना सांगितलं, एकमेकांशी लग्न करू नका. काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं. वाहकांवर ठपका बसला होता, कित्येकांनी लग्न ठरवताना आपलं वाहकपण लपवलं होतं. आजारी मुलांचे जन्म तपासणी नसती तरी जेवढे झाले असते, जवळपास तेवढेच. 1974 मध्ये ते छापून आलं. अमेरिकेतही सत्तरच्या दशकात वाहकांना विम्यात आणि नोकऱ्यांत त्रास झाला. हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना बरीच वर्षं घेतच नव्हते.

आत्या : मग?

भाचा : मग सायप्रस. तोही लहान समाज, तिथे थॅलसेमिया. त्यांनी लग्नाआधी दोघांच्याही तपासणीचा दाखला सक्तीचा केला, चर्चनेही तो मागायला सुरुवात केली. वधूचाच नाही, वराचाही. दाखल्यावर जोडप्याला लग्न करू नका असं सांगितलं नाही. तुम्ही दोघं वाहक आहात, गरोदर राहिलात तर दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी इथे होईल, पुढचा निर्णय तुमचा, एवढं सांगितलं. थॅलसेमियाच्या बाळांचे जन्म जवळपास शून्यावर आले. आणि आधीच जन्मलेल्या पेशंटना रक्त आणि औषध सरकारने पुरवलं. चाचणी दोन्हीकडे झाली. एकीकडे हातात फक्त निकाल दिला, दुसरीकडे निकालाबरोबर पुढचा रस्ता दिला.

आत्या : आमच्या पोरींना कुठला रस्ता मिळतो आहे? गर्भाची ही तपासणी नागपूर-मुंबईच्या अलीकडे होते का?

भाचा : फारशी नाही.

आत्या : मग आधी ती आण, नंतर कार्ड वाट.

वाद इथपर्यंत आला की बहुतेक लेखक दोघांना हातात हात घालायला लावतात. मला ते पटत नाही, कारण मतभेद खरा आहे. भाच्याला नवजात बाळाची तपासणी हवी आहे, आणि तिथे तो निर्विवाद बरोबर आहे, कारण तिचा फायदा त्याच बाळाला होतो. पेनिसिलिन सुरू होतं, लस वेळेवर मिळते, आईला प्लीहा चाचपायला शिकवता येतं. आत्याची हरकत वाहकांच्या तपासणीला आहे. तिचा फायदा अजून न जन्मलेल्या मुलाला आणि किंमत आजच्या जिवंत मुलीला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अभियानात त्या एकाच शिबिरात, एकाच रांगेत होतात. शाळेच्या व्हरांड्यात मुलींची नावं मोठ्याने पुकारून निकाल वाटणं तर तातडीने बंद व्हायला हवं.

आत्या : आणखी एक. परवा तू 16 कोटींच्या इंजेक्शनचं म्हणालास.

भाचा : एसएमए. पाठीच्या कण्याच्या मज्जापेशी मरत जाणारा आजार. जनुक बदलणारं एक इंजेक्शन आहे. पुण्या-मुंबईत लहान बाळांसाठी लोकांनी 16 कोटी गोळा केले होते. सरकारच्या धोरणात मदतीची मर्यादा 50 लाख आहे, आधी 20 होती.

आत्या : मला त्या आई-बापांबद्दल काही म्हणायचं नाही. माझं पोरगं असतं, मीही दारोदार गेले असते. पण त्या एका बाळासाठी वर्तमानपत्रं उभी राहिली, आणि माझ्या बाकावर बसणाऱ्या पोरांसाठी चार-आठ रुपयांची कॅप्सूल सलग वर्षभर कुणी आणून दिली नाही.

भाचा : तरी त्या पोरांविरुद्ध या पोरांना उभं करू नकोस. दुर्मिळ आजारांची संख्या सात-आठ हजार सांगतात आणि त्यातल्या पाच टक्क्यांनाही धड औषध नाही. त्यांचे आई-बाप वर्षानुवर्षं डॉक्टर बदलत फिरतात, आजाराचं नाव कळावं म्हणून. ते नाव कळणं हाही हक्क आहे. सिकलसेललाही 2023 मध्ये जनुकात फेरफार करणारा उपचार मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. कुरखेड्याच्या पोराला तो मिळणार नाही म्हणून तो शोधायलाच नको होता, असं म्हणशील का?

आत्या : नाही म्हणणार. पण कुरखेड्याच्या पोराला पेनिसिलिन मिळाल्याशिवाय मला कुणी त्या 22 लाख डॉलरचं कौतुक सांगू नये.

भाचा : मग तुझ्या जागी आज बसलेल्या डॉक्टरने करायचं काय? ऐंशी पेशंटची ओपीडी, आणि मदतीला एक नर्स.

आत्या : सिरप द्यायचं. पण देताना गाव विचारायचं, भावंडांचं विचारायचं. सांधे दुखतात का, डोळे पिवळे होतात का, हाताची बोटं कधी सुजली होती का, एवढं विचारायला मिनिट लागत नाही. यातलं एकही ‘हो’ आलं तर सोल्युबिलिटी चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी.

भाचा : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सोल्युबिलिटीवर विसंबायचं नाही. रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबायचं, नाहीतर दात्याचं रक्त तपासलं जातं. आणि लोह महिनाभर देऊन हिमोग्लोबिन हललं नाही, तर डोस वाढवण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पाहायची. पेशी लहान आहेत पण लाल पेशींची संख्या 50 लाखांच्या वर आहे, असं दिसलं तर थॅलसेमियाचा वाहक असू शकतो. त्याला कितीही लोह पाज, उपयोग नाही.

आत्या : हे मला कुणी तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

भाचा : आज तरुण डॉक्टरांना सांगताहेत का, हा प्रश्न आहे. इथला पोरगा पुण्याला कंपनीत कामाला जातो. तिथे थंडीत, रात्रपाळीत, मांडीचं हाड दुखायला लागतं. खुब्याच्या सांध्याचं डोकं रक्ताअभावी मरत चाललेलं असतं. हाडाचे डॉक्टर त्याला कंबरेचा व्यायाम देतात. पुण्यात तो दुर्मिळ, गडचिरोलीत घरोघरी. पोरगा तोच. रक्ताने जिल्हा सोडलेला नसतो.

आत्या : म्हणजे गाव विचारायचं ते आता नागपूर-पुण्याच्या डॉक्टरांनीही.

भाचा : आधी त्यांनीच.

वाद मी इथे थांबवतो. वाचकांना मात्र काही सांगायचं आहे, आणि ते दोघांनाही मान्य होईल. तुमचं कुटुंब पूर्व विदर्भातलं किंवा नंदुरबार-धुळ्याकडचं असेल, मग तुम्ही आज राहत कुठेही असा, तर आजारी पडल्यावर डॉक्टरला मूळ गाव आपणहून सांगा. वाहक म्हणजे आजारी नव्हे. लग्नाच्या बैठकीत कार्ड पाहायचंच असेल तर दोघांचं पाहा, मुलाचं आधी. सिकलसेल, थॅलसेमिया आणि हिमोफिलिया हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत, त्याचा दाखला मागायला लाजू नका. थंडीत पांघरूण, उन्हात पाणी आणि रोज फॉलिक ॲसिड, हे घरी पाळता येतं. आणि घरात एसएस मूल असेल, तर 101 च्या वर ताप गेला की सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा, याला सिकलसेल आहे, याला ताप आहे, अँटिबायोटिक लगेच सुरू करा.